जवस, चिंध्या आणि थोडा दाब

घरात हातकागद कुठे ना कुठे असतोच. कुणाच्या तरी लग्नाची जाडजूड पत्रिका, भेट आलेली आणि ‘चांगली आहे, नंतर वापरू’ म्हणून कपाटात ठेवून दिलेली वही, खादी भांडारातून आणलेलं एखादं पाकीट. ते शोधून आणा. सोबत आजचं वर्तमानपत्रही घ्या. खुर्चीवर बसा किंवा सतरंजीवर, पण खिडकीजवळ बसा. कागद पाहायला दिव्याच्या उजेडापेक्षा खिडकीतून तिरका येणारा उजेड बरा.

सुरुवात वर्तमानपत्रानं करू. पानाची कड धरून वरून खाली एक पट्टी फाडा. बहुतेक सरळ फाटेल, अगदी ओळंब्यात. आता त्याच पानाची आडवी पट्टी फाडून पाहा. चार बोटंही सरळ जाणार नाही, कड दातेरी होत वाकडी पळेल. कारखान्यात लगदा धावत्या जाळीवर सोडतात आणि बहुतेक तंतू त्या धावेच्या दिशेनंच आडवे पडतात. म्हणून यंत्राच्या कागदाला उभं-आडवं असतं. आता हातकागदाचा असा एखादा कोपरा निवडा, जो गेला तरी जिवाला लागणार नाही. तोही दोन्ही दिशांनी थोडा थोडा फाडा. दोन्हीकडे तो सारखाच अडतो, सारखाच चिवटपणे सुटतो आणि फाटलेल्या कडेला बारीक लव उभी राहते. त्या लवेवरून बोट फिरवा. बोटाखाली कापूस आहे.

कागद उजेडासमोर धरा. सगळीकडे सारखा उजेड येत नाही. कुठे दाट, कुठे विरळ, ढगाळल्यासारखा. एखाद्या जागी जाळीची वीणही दिसेल. मग कागद आडवा, डोळ्यांच्या पातळीवर धरून कडेकडेनं पाहा. खऱ्या हातकागदाच्या चारी कडा हळूहळू पातळ होत संपतात, कारण साच्याच्या चौकटीखाली लगदा थोडासा शिरतो आणि तिथेच थांबतो. हल्ली पट्टी दाबून फाडलेल्या कडा ‘हँडमेड’ म्हणून विकतात. ती कड शेवटपर्यंत तेवढीच जाड राहते आणि मग एकदम तुटते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. फुलांच्या पाकळ्या घातलेल्या कागदाबद्दलही इथेच सांगून टाकतो: मला तो आवडत नाही. पाकळ्या काही महिन्यांत तपकिरी पडतात, त्यांचा डाग आजूबाजूला उतरतो आणि छपाईच्या वेळी तो उंचवटा नेमका ठशाच्या नाजूक जागी येतो. चांगल्या कागदाला दागिने लागत नाहीत.

थोडा वेळ कागद तळहातावर नुसता ठेवा. तो आधी कापड होता. बनियन आणि टी-शर्ट शिवणाऱ्या कारखान्यांतून सुती कापडाची कात्रणं गोळा होतात, त्यांतून शिलाईचे दोरे आणि कृत्रिम धाग्याचे तुकडे वेचून बाजूला काढतात, मग कात्रणं बारीक करून बीटर नावाच्या लांबट हौदात पाण्यासोबत तासन्‌तास फिरवतात. फिरत्या पात्यांखाली विणलेलं सगळं सुटं होतं. धाग्यातला पीळ जातो, तंतू चेचून फुलतात, त्यांच्या अंगावर आणखी बारीक तंतू उठतात. शेवटी उरतं ते पातळ ताकासारखं पांढरं पाणी, ज्यात कापूस आहे हे हात घातल्याशिवाय पटत नाही.

त्या पाण्यात जाळीचा साचा तिरका बुडवायचा, सपाट करत वर उचलायचा आणि हलवायचा: एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे. मघाशी तुम्ही फाडलेल्या कोपऱ्याला दिशा नव्हती ती या दोन हेलकाव्यांमुळे. हौदावर काम करणाऱ्या एका काकांना मी विचारलं होतं, किती वेळ हलवायचं. ते म्हणाले, पाणी खाली जाईपर्यंतच. नंतर हलवलं तर झालेलं बिघडतं. म्हणजे हाताला मिळतात ते दोन-चार क्षण. त्यानंतर साचा कापडावर उलटा करून ओला ताव उतरवायचा, त्यावर दुसरं कापड, त्यावर दुसरा ताव. अशी चळत प्रेसखाली दाबून पाणी काढायचं आणि ताव दोरीवर वाळत घालायचे.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. या कागदात गोंद नाही. तंतू एकमेकांना धरून राहतात ते पाण्याच्या येण्याजाण्यामुळे. ओले तंतू पाण्याच्या आधारानं जवळ येतात, पाणी निघून जाताना त्यांना आणखी जवळ ओढतं आणि पुरेसे जवळ आले की कापसातल्या सेल्युलोजचे रेणू हायड्रोजन बंधांनी थेट एकमेकांना धरतात. पुन्हा भिजवलं की पकड सैल होते. खळ न लावलेला कागद टीपकागदासारखा सगळं शोषून घेतो. लिहायच्या कागदाला म्हणून खळ लावतात. ठसे छापणाऱ्याला मात्र ती बेताचीच हवी असते, म्हणजे कागद थोडा ओलसर केला की नरम पडतो आणि दाबाला नाही म्हणत नाही.

आपल्या भागात हे काम जुनं आहे. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. मुहम्मद तुघलकानं चौदाव्या शतकात दिल्लीहून राजधानी हलवली तेव्हाच्या माणसांशी त्या गावाची कागदाची परंपरा जोडतात. जुन्नरचा कागद नावाजलेला होता. पेशव्यांनी जुन्नरचे कारागीर पुण्यात आणून वसवले आणि कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नाव तिथून आलं. हे लोक ताग-अंबाडीची जुनी गोणपाटं, दोरखंड चुन्यात मुरवत, कुटत, नदीवर धूत. कागद वाळला की त्याला खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटत, कारण वर बोरू पळायचा असे. पेशवे दप्तरात रुमालांमध्ये बांधलेले मोडी कागद आजही उलगडता येतात, घडीवर मोडत नाहीत. उलट शंभर वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक उघडलं तर पानाचा भुगा हातात येतो. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं आणि एकोणिसाव्या शतकात खळीसाठी तुरटी-राळ वापरू लागले, तिची आम्लता कागदाला आतून खाते. घोटीव कागदाच्या कडेला कीड लागलेली असेल, डाग असतील. पण कागद म्हणून तो शाबूत असतो.

आणि त्या मोडी पत्राच्या माथ्यावर बहुधा एक शिक्का असतो. कुणीतरी धातूवर उलटी अक्षरं कोरली, त्यावर शाई चढवली, कागदावर दाब दिला. चित्रासाठी मी करतो ते यापेक्षा वेगळं काही नाही. तेव्हा आता कागद बाजूला ठेवून ठशाकडे वळू.

डोळे मिटून नंदलाल बोसांचं ‘बापूजी’ आठवा. पाठ्यपुस्तकात, टपाल तिकिटावर, कुणाच्या तरी बैठकीत, कुठे तरी पाहिलेलं असतंच: हातात काठी घेऊन चाललेले गांधीजी, मागे गडद काळं. १९३० साली, दांडीयात्रेच्या वेळचं हे लिनोकट. आता मनातल्या चित्रात एकच गोष्ट पाहा. गांधीजींच्या अंगावर जे पांढरं आहे, तिथे काहीही छापलेलं नाही. तिथे लिनो कोरून काढला, शाई पोचली नाही आणि कागद जसा होता तसा राहिला. चित्रकारानं मेहनत घेतली ती मोकळ्या जागेवर. काळं आपोआप आलं, कारण तिथे त्यानं काही केलंच नाही. ही उलटापालट मनात नीट बसेपर्यंत ते चित्र समोर राहू द्या. ठसा कोरणाऱ्याचा सगळा दिवस या उलट हिशेबात जातो, आणि तो अंगवळणी पडला तरी जुना होत नाही.

त्याच दशकात गांधीजींच्या पुढाकारानं ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, १९३४ साली. त्याचं ठाणं वर्ध्यात, मगनवाडीत, आणि तिथे हातकागदही बनू लागला. पुण्यात के. बी. जोशींनी १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू केली. शिवाजीनगरला ती आजही आहे. ज्या माणसाला नंदलालांनी न छापलेल्या कागदातून उभं केलं, त्याच्याच आग्रहातून माझ्या टेबलावरचा कागद आला, हे मला छापताना मधूनच आठवतं.

लिनो म्हणजे काय, तेही हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. तपकिरी किंवा राखाडी पत्रा, मागे गोणपाट. वास घ्या. हा वास ओळखीचा वाटेल, कारण तो जवसाच्या तेलाचा आहे. १८५०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाच्या लक्षात आलं की रंगाच्या उघड्या डब्यावर जवसाच्या तेलाची रबरासारखी साय धरते. ते तेल हवेवर घट्ट करून, त्यात बुचाच्या झाडाचा भुसा मिसळून, गोणपाटावर थापून त्यानं पुढच्या दशकात जमिनीवर अंथरायला लिनोलियम केलं. चित्रकारांनी ते जमिनीवरून उचललं. लाकडासारख्या नसा नाहीत, कुठल्याही दिशेनं कोरता येतं, स्वस्त मिळतं आणि छापायला यंत्र लागत नाही. चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहून वर्षानुवर्षं लिनोच कोरत राहिले. मजूर, शेतकरी, कष्ट करणारी मुलं. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाची चित्रं काढलेला हा माणूस होता. ज्यांची चित्रं त्यांच्या हाती जावीत असं वाटत असेल तर माध्यम परवडणारं हवंच.

आता काचेवर काढलेली शाई. काळ्या शाईत मुख्यतः दोन गोष्टी: काजळी आणि उकळून दाट केलेलं जवसाचं तेल. म्हणजे ठसाही जवसाचा, शाईही जवसाची. ही शाई वाळते म्हणजे तिच्यातलं काही उडून जात नाही. ती हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, वॉल्टनच्या डब्यावरच्या सायीसारखीच. म्हणून पावसाळ्यात ठसे दोरीवर दिवसेंदिवस लटकत राहतात आणि घरातले लोक वाकून त्यांच्याखालून जातात. युरोपात शतकानुशतकं कागद बनला तोही याच रोपाच्या धाग्याचा, लिननच्या चिंध्यांचा. विदर्भात आपण जवस लावतो तो दाण्यासाठी. चटणी खातो, तेल काढतो, आणि देठातल्या धाग्याकडे फारसं कुणी पाहत नाही. एका निळ्या फुलाच्या रोपात कागद, शाई आणि ठसा तिन्ही होतं. पुढच्या वेळी पानात जवसाची चटणी आली की एक चिमूट बोटांत चोळून पाहा, तेलकटपणा कसा हळूहळू सुटतो.

कोरायला बसू. थंडीच्या सकाळी लिनो कडक असतो, उन्हात ठेवावा लागतो. ऊबेनं तो नरम पडला की व्ही आकाराचं पातं त्यात कुरकुर न करता शिरतं. डावा हात कुठे आहे ते पाहा: तो नेहमी पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही. वळण आलं की हात वळवायचा नाही, लिनो फिरवायचा. पातं आपल्या जागी स्थिर, खालचं जग गोल फिरतंय. हे एकदा जमलं की मनगट मोकळं होतं आणि श्वास आपोआप लांबतो. पात्यापुढून लिनोची बारीक वळी निघते, ती फुंकरीनं उडवू नका, डोळ्यात जाते. ब्रशनं लोटा.

सगळं उलटं कोरायचं असतं, हे विसरलेले ठसे प्रत्येक कलाशाळेत एक तरी असतात. देवनागरीत हे पाहण्यात फार गंमत आहे. आरशात ‘विठ्ठल’ धरून पाहा. शिरोरेषा जिथल्या तिथे राहते, तिला डावं-उजवं नाही. बाकी सगळे तिच्याखाली जागा बदलतात. काना पुढून मागे जातो, ऱ्हस्व वेलांटी दीर्घाच्या जागी जाऊन बसते. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकलेला एक तांबट होता. नाना गेल्यावर तो मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि तिथे १८०५ साली गीता छापली गेली. किती वेळ तो माणूस त्या उलट्या वेलांट्यांकडे पाहत बसला असेल! अर्थाकडे त्याचं लक्ष असेल-नसेल. अक्षराच्या वळणाकडे मात्र तेवढ्या बारकाईनं क्वचितच कुणी पाहिलं असेल.

शाई पसरताना कान द्या. रोलर काचेवर फिरतो तेव्हा आधी चिकट, ओलसर आवाज येतो; शाई फार आहे. थोड्या वेळानं आवाज बारीक, कोरडा, एकसारखा होतो. तीच वेळ. डोळ्यांनी शाई नेहमी कमी वाटते, कान खरं सांगतात. मग लिनोवर रोलर फिरवायचा. थर पातळ, पण पुन्हा पुन्हा. कोरलेल्या बारीक रेषांत शाई गेली की पांढऱ्या रेषा बुजतात, आणि मग त्यांना कुणी परत आणू शकत नाही.

कागद वरून अलगद सोडा. एक कड टेकली की हलवायचा नाही. आता लाकडी चमचा घ्या, साधा, स्वयंपाकघरातला. त्याच्या पाठीनं मधून कडेकडे, लहान लहान गोल करत घासा. जपानी कारागीर यासाठी बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चकती वापरतात. आपल्याला चमचा पुरतो. कागद पातळ असेल तर शाई मागून हलकी डोकावते, कुठे दाब पोचला ते दिसतं. जाड हातकागदावर काहीच दिसत नाही. तिथे मनगटालाच विचारावं लागतं. माझं या कामावरचं प्रेम नेमकं इथे आहे. रेखाटताना रेषा डोळ्यासमोर असते, कोरताना पातं दिसतं. या मिनिटांत मात्र काम दोन पृष्ठभागांच्या मध्ये, अंधारात चाललेलं असतं आणि मी फक्त बाहेरून दाब देत असतो. जे घडतंय त्यात माझा हात आहे, पण ते सगळं माझ्या हातचं नाही. कागदातला दाट-विरळपणा, आजची हवा, शाईतलं तेल, सगळे आपापलं काहीतरी टाकतात. चित्रकलेत ही मोकळीक मला कधी मिळाली नाही.

एक कोपरा उचलून आत पाहा. शाई फिकी असेल तर कोपरा परत टेकवून तिथे पुन्हा घासता येतं. मग हळूहळू, एका ओढीत, कागद सोडवा. शाई सुटताना बारीक चरचर होते.

दुसरी प्रत काढा, तिसरी काढा, आणि वाळल्यावर शेजारी ठेवा. आता या पाहण्यातला सगळ्यात सावकाश भाग. दोन प्रतींमधला फरक शोधा. आधी दिसणार नाही. मग एका जागी काळं जरा गच्च दिसेल, दुसरीत त्याच जागी कागदाचे बारीक पांढरे ठिपके. एखाद्या रेषेचं टोक इथे तीक्ष्ण, तिथे मऊ. कोरताना राहून गेलेला एखादा उंचवटा एका प्रतीत शाई पकडतो, दुसरीत नाही. यांतली मूळ कुठली, हा प्रश्न इथे चालतच नाही. लिनोवर चित्र नाही, तिथे फक्त खड्डे आहेत. चित्र पहिल्यांदा झालं ते कागदावर, आणि प्रत्येक कागदावर पहिल्यांदाच झालं.

घरात रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती फ्रेममध्ये असेल तर भिंग लावून तिचा गाल पाहा. गुलाबी, पिवळे, करडे ठिपके दिसतील. १८९४ मध्ये गिरगावात सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड होता आणि ते ठिपके त्या त्या दगडावर माणसाच्या हातानं पडलेले होते. हजारो घरांत एकच देवी, आणि तिच्या गालावर कुणा अनाम कारागिराचा हात. यंत्रावर छापलं म्हणून हात नाहीसा झालाच असं समजू नये. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं तेव्हा दगड, शाई, सगळ्याचे प्रयोग स्वतःच केले होते. पोथ्यांसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं असं सांगतात. छापणाऱ्याची शाई नेहमीच त्याच्या मुलखाची असते.

आणि एक टोक असंही आहे जिथे शाईच उरत नाही. सोमनाथ होर यांनीही १९४३चा दुष्काळ पाहिला होता. १९७०च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी ‘जखमा’ नावाची मालिका केली. मातीच्या किंवा मेणाच्या पत्र्यावर सुरीनं, तापल्या सळईनं वार करायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्या साच्यावर कागदाचा ओला लगदा दाबायचा. हाती येतो तो पांढरा कागद, ज्याच्या अंगावरच चिरा आणि फुगवटे आहेत. काही ठिकाणी लालसर छटा, बाकी पांढऱ्यावर पांढरं. तिरका उजेड नसेल तर काही दिसतही नाही. मघाशी हातात घेतलेला तुमचा कागद परत उचला, खिडकीकडे तिरका धरा आणि त्याच्या खडबडीत अंगावर सावल्या कशा पडतात ते पाहा. होरांच्या कामात कागद आणि ठसा एकाच वेळी, एकाच दाबाखाली जन्मले. त्यापुढे काही वेळ बोलू नये असं मला वाटतं.

बरं, आता व्यवहाराचं. प्रतींवर पेन्सिलीनं खाली आकडे घालतात: ३/२० म्हणजे वीसमधली तिसरी. लोक पहिल्या क्रमांकाची प्रत मागतात, जास्त पैसेही देऊ करतात. ड्रायपॉइंटमध्ये त्याला अर्थ आहे. तिथे तांब्यावर सुईनं ओरखडा काढला की कडेला धातूचा कीस उठतो, तो शाई धरून मखमली काळं देतो आणि प्रेसमधून प्रत्येक फेरीला थोडा थोडा चपटा होतो. पहिल्या प्रती खरंच श्रीमंत असतात. लिनोत तसं नाही. सुरुवातीला ठसा शाई पितो, प्रती फिक्या येतात, रंगात यायला त्याला वेळ लागतो. तेव्हा आकडा झाकून पाहा. दोन-तीन प्रती मांडून जिच्याकडे नजर परत परत जाते ती घ्या. तिला उन्हात लावू नका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर नकोच. मागे सेलोटेप लावलात तर काही वर्षांत पिवळा चट्टा उमटेल. फ्रेमची काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट हवा. आणि कसर लागते, म्हणून वर्षातून एकदा तरी काढून पाहा.

उरली ती कपाटातली वही. आपल्याकडे चांगला कागद सांभाळून सांभाळून वाया घालवायची रीत आहे. साध्या वह्या भरून जातात आणि हातकागदाची वही मुलांच्या लग्नापर्यंत कोरी राहते. पण त्याच घरात लग्नपत्रिका वाटायच्या आधी कुणीतरी काकू पाटावर बसून प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावते. शंभर पत्रिका, शंभर वेळा बोट बुडवणं, शंभर ठसे, एकही दुसऱ्यासारखा नाही. ती मुद्राचित्रकारच आहे, आणि तिला कागद जपून ठेवायचा हे कुणी शिकवलेलं नाही. तसंच मोकळेपणानं वहीचं पहिलं पान खराब करा. किराण्याची यादी लिहिली तरी चालेल. फाउंटन पेन मात्र आधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात चालवून पाहा. खळ कमी असेल तर शाई पसरते, मग पेन्सिल बरी.

छापलेल्या प्रतींपैकी एक कुणाला तरी पाठवायची असेल तर शाई पूर्ण वाळू द्या; बोट लावून नाही, एखादा साधा कागद वर दाबून पाहा, त्यावर काही उतरलं नाही की झालं. वर पातळ कागद, मागे ठशाहून मोठा जाड पुठ्ठा, आणि मग पाकीट. गुंडाळी करून नळीत घालू नका. हातकागद एकदा गुंडाळला की सहजी सपाट होत नाही. पत्ता पाकिटात ठसा ठेवण्याआधीच लिहा, नाहीतर पेनाचा दाब आत उतरतो.